एकोणीस एक

माझ्या वडिलांनी मला लहानपणी एकच खेळणं दिलं, असं मी इथल्या ओळखीच्यांना सांगते आणि ते हसतात. ते खेळणं म्हणजे एक आकडा होता. चौकटींच्या वहीत एका चौकटीत एक, असे एकोणीस एक ओळीने मांडायचे: १११११११११११११११११११. मग बाबा म्हणायचे, "ह्याला निःशेष भाग जातो. कशाने जातो ते तू शोधायचंस. सापडलं की जेवायला ये."

ह्या आकड्याला भाग जात नाही. एक सोडला आणि तो आकडा स्वतः सोडला, तर जगातल्या कुठल्याच आकड्याने जात नाही. अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात हे शाळेत सगळेच शिकतात, पण शाळेतल्या मूळ संख्या दोन, तीन, पाच, सात अशा ओळखीच्या असतात. एवढी मोठी मूळ संख्या असू शकते हे चौथीतल्या मुलीला कसं कळणार? बाबांना माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. ते पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि वर्गात कोणी आगाऊपणा केला की त्याला उभं करून हेच गणित घालायचे. वर्गातल्या मुलांची घंटा झाली की सुटका व्हायची. आमच्या घरात घंटा नव्हती.

उलट उत्तर दिलं, एकोणीस एक. शेजारच्यांच्या टीव्हीपुढे जास्त वेळ बसले, एकोणीस एक. गणितात वर्गात दुसरी आले तेव्हा तर न विचारताच वही पुढे सरकवली होती. मारलं त्यांनी मला कधीच नाही, हे आई मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

त्या आकड्याची खोड अशी की तो माणसाला आशेवर ठेवतो. तीनने भागा, बाकी एक. सातने भागा, बाकी एक. अकराने, तेराने, एकोणीसने, सदतिसाने, दर वेळी शेवटी एकच उरतो. सतराने नऊ उरतात, तेव्हा मला काही वाटायचं नाही. नऊ म्हणजे लांब आहे, सोडून द्या. पण एक उरला की वाटायचं, अगदी थोडक्यात हुकलं. वरून अंक घेताना एखादा सुटला असणार, नाहीतर वजाबाकी चुकली असणार. मग मी सगळं खोडून पुन्हा तोच भागाकार करायचे आणि पुन्हा एकच उरायचा. वहीचं पान खोडरबराने फाटेपर्यंत हे चालायचं.

शेवटी मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायचे. "बाबा, एक उरतोय. माझं कुठेतरी चुकतंय का?"

ते वर्तमानपत्र खाली घ्यायचे नाहीत. "चुकतच असणार. पुन्हा बघ."

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सांग ना गं लवकर काहीतरी, पोळ्या गार होतायत." तिला वाटायचं की मी उत्तर लपवून बसलेय. बऱ्याच वेळाने बाबा वही मिटायचे आणि म्हणायचे, "जा, जेव. मठ्ठ आहेस." ते जेवण मला अजून आठवतं. गार पोळी आणि मठ्ठ. मी रडायचे नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे.

मी इंजिनियरिंगला गेले. तिथे दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये बसून मी तो आकडा मशीनला घातला. एवढा मोठा आकडा मशीनमध्ये सरळ मावेना, खटपट करावी लागली. दुपारी लावलेला प्रोग्रॅम संध्याकाळी थांबला. भागाकार करत करत खात्री करायची तर शंभर कोटींच्याही पुढे जावं लागतं. तिथपर्यंत जाऊन मशीनने सांगितलं की ह्याला भाजक नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती, की माझं चुकत नव्हतं. इतकी वर्षं एकदाही माझं चुकलं नव्हतं.

घरी गेले, चपला न काढता बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मशीन चुकलं असेल. पुन्हा बघ."

मला तेव्हापासून त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. तो आकडा मूळ आहे, तुझं चुकत नव्हतं. माफी नको, डोक्यावरून हात फिरवणं नको, डोळ्यांत पाणी तर मुळीच नको. एवढं वाक्य म्हणा आणि संपवा. पण साखरपुड्याला माझ्या सासरच्या मंडळींसमोर ते काय म्हणाले, तर "इंजिनियर आहे आमची, पण एकोणीस एकांचे अवयव अजून निघाले नाहीत तिच्याकडून." सगळे हसले. माझा नवराही हसला, कारण तो चांगल्या घरातला आहे आणि सासऱ्यांच्या विनोदाला हसायचं असतं हे त्याला शिकवलेलं होतं. ते हसणं मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्याला हे माहीत आहे.

आई गेल्यावर बाबांना इकडे आणलं. प्रेमाने आणलं असं म्हणवत नाही. मी एकुलती एक आहे, न आणून जाणार कुठे? पापाकुराला आमचं घर आहे, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं. मी सकाळच्या गाडीने ऑकलंडला कामाला जाते. नवरा घरून काम करतो, दिवसभर कानाला हेडफोन लावून. मुलगी इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं असा आमच्या घरातला रिवाज आहे.

त्या मुलीशी बाबा जे वागले ते बघून मला माझेच डोळे फोडून घ्यावेसे वाटले. शाळेतून आली की तिला शेजारी बसवायचे. तीन एक लिहून द्यायचे, एकशे अकरा. ती भागायची, तीन गुणिले सदतीस. मग पाच एक. ते जरा कठीण असतं, तर हे स्वतःच हळूच सांगायचे, "एक्केचाळीसने बघ बरं." एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. "स्वीट ॲज, आजोबा!" असं ती म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, आणि माझे वडील, ज्यांनी मला जन्मात शाबास म्हटलं नाही, ते मान डोलावून "स्वीट ॲज, स्वीट ॲज" करत टाळ्या पिटायचे. सात एकांसाठी तर त्यांनी तिला दोनशे एकोणचाळीस हा भाजक कागदावर लिहून चहाच्या कपाखाली लपवून ठेवला होता. मी भांडी विसळत होते. विसळलेलीच पुन्हा विसळत होते.

एकदा तिने विचारलं, "व्हॉट अबाउट नाइन्टीन वन्स, आजोबा?"

"तो नको," बाबा म्हणाले. "तो लहान मुलांना द्यायचा नसतो."

मी नळ बंद केला. "का नसतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांचं डोकं अगदी जागेवर होतं, म्हणून पुढचं वाक्य मी आजाराच्या खात्यावर टाकू शकत नाही. ते म्हणाले, "तुझं वेगळं होतं. तू रडायची नाहीस."

एवढ्यात मुलीने फोनवर शोधून काढलं होतं. "इट्स प्राइम," ती म्हणाली. "नाइन्टीन वन्स. इट सेज हिअर." आणि बाबांनी तिचा गाल धरून म्हटलं, "हुशार आहे गं पोर!" मी विशीत तेच सांगितलं तेव्हा मशीन चुकलं होतं. तिने बोट फिरवून सांगितलं तर ती हुशार.

मी टॉवेलला हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चाळिशी उलटलेली बाई, वही तेवढी हातात नव्हती. "म्हणजे मूळच आहे ना तो आकडा? मग माझं चुकत नव्हतं. एकदा म्हणा तसं."

ते हसले. "तुला अजून सापडला नाही वाटतं," म्हणाले, आणि बाहेर डेकवर ऊन खायला जाऊन बसले.

त्यानंतर ते हळूहळू विसरायला लागले. आधी आंघोळ झाली की नाही ते विसरायचे, मग आई गेली आहे हे विसरायचे. एकदा माझे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून पापाकुरा स्टेशनवर गेले आणि शाळेची घंटा किती वाजता होते ते प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाला विचारत बसले. शनिवारी किराण्याला सँडरिंगहॅमला, देशी दुकानं आहेत तिथे, नेलं, तर दुकानातच चकलीचं पाकीट फोडून उभ्या उभ्या खायला लागले आणि दुकानदाराला म्हणाले, "वर्गात खाऊ नये हे मला सांगू नकोस." लोकांना त्यांची दया यायची. मला एकच घाई झाली होती. हा माणूस सगळं विसरायच्या आत ते वाक्य माझ्या पदरात पडायला हवं होतं. मी त्यांना वेळी अवेळी विचारायचे. डोळ्यांत औषध घालताना, नखं कापताना. "बाबा, एकोणीस एक मूळ आहे ना? माझं चुकत नव्हतं ना?" कधी हसायचे, कधी "कोण एकोणीस?" म्हणायचे. मी नखं जरा जास्तच खोल कापली असतील तर असतील.

डॉक्टरांनी सांगितलं, डोकं कशात तरी गुंतवून ठेवा. आठवड्यातून एकदा म्हाताऱ्यांच्या केंद्रावर न्यायचो, तिथे त्यांना फुलपाखरू रंगवायला दिलं. त्यांनी खडू भिंतीवर फेकले. मग मी त्यांना गणितं द्यायला लागले. बेरजा, गुणाकार. ते सगळं त्यांना येत होतं. स्वतःच्या बायकोचं नाव गेलं तरी भागाकार जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण ती गणितं चहा गार व्हायच्या आत संपायची आणि मग ते पुन्हा दाराची कडी खटखटवायचे.

तेव्हा एका सकाळी मी मुलीच्या दप्तरातली चौकटींची वही घेतली आणि एका चौकटीत एक, असे एकोणीस एक लिहिले. वही त्यांच्यापुढे ठेवली. "ह्याला निःशेष भाग जातो. कशाने ते शोधा."

मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

ते आकड्याकडे बघत बसले. ओळखतील असं मला वाटलं, ओळखावं असंही वाटलं. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि भाजकाच्या जागी लिहिलं, एकशे एक्याण्णव. सरळ. तीन नाही, सात नाही, पहिलाच एकशे एक्याण्णव. तो भागाकार झाल्यावर दोनशे एकोणतीस. मग एकदम चारशे एकोणीस.

मी पर्स खांद्याला लावून उभी होते. गाडीची वेळ झालेली होती, पण माझा पाय निघेना. काय चाललंय ते मला कळायला एक क्षण लागला. एक एक एक असे एकोणीस मांडून झालेल्या आकड्याला जर कुठला मूळ भाजक असलाच, तर तो अडतीसच्या पाढ्यातल्या एखाद्या आकड्यात एक मिळवूनच मिळतो. हा त्या आकड्याचा गुणधर्म आहे, त्याची सिद्धता अर्ध्या पानात बसते. अडतीस आणि एक एकोणचाळीस, तो स्वतः मूळ नाही. पुढचा सत्त्याहत्तर, तोही नाही. असं करत गेलं की विचारात घेण्याजोगा पहिला आकडा येतो एकशे एक्याण्णव. त्याच्या अलीकडच्या कशानेही भाग जाणं शक्यच नाही. म्हणजे मी चौथीत तीनने भागत होते, सातने भागत होते, अकराने भागून एक उरला म्हणून पान फाटेपर्यंत खोडत होते, तेव्हा समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या ह्या माणसाला माहीत होतं की ह्या पोरीने योग्य रस्त्यावर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. आकडा मूळ आहे हे तर माहीत होतंच. पण शोधायचं कुठून तेही माहीत होतं, आणि तेवढंही सांगावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी गाडीत मी संतापाने स्वतःशीच मोठ्याने आकडे पुटपुटत होते. शेजारच्या बाईने "यू ऑलराइट, लव्ह?" असं विचारलं. मी म्हटलं, "स्वीट ॲज."

मग ते रोजचंच झालं. सकाळी वही पुढे ठेवायची, संध्याकाळी येऊन बघायचं. दुपारी त्यांना जेवण द्यायला एक सामोअन बाई यायची, ती माझ्यावर खूश होती. "गुड ॲज गोल्ड विथ हिज सम्स," असं सांगायची. मी घरी आले की लाल पेन घेऊन वही तपासायचे. एकदा त्यांनी बाकी शून्य काढली होती आणि खाली दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. डोळे लकाकत होते. मी चूक शोधून काढली, एक अंक घ्यायचा राहिला होता, आणि तिथे लाल गोल करून वही परत दिली. त्यांचा चेहरा पडला. चेहरा असा पडतो हे मला पूर्वी आतून माहीत होतं, बाहेरून पहिल्यांदाच बघत होते. मी नीट बघून घेतला.

थंडी संपता संपता एक दिवस वही उघडली तर पहिला भाजक होता तीन. त्याच्याखाली सात. मग अकरा. अडतीसचं गुपित पुसलं गेलं होतं. आजार इथपर्यंत पोचल्याचं डॉक्टरांच्या आधी मला कळलं, आणि स्पष्ट सांगते, मला बरं वाटलं. आता ते तिथे बसले होते जिथे त्यांनी मला बसवलं होतं.

एका रविवारची गोष्ट. नवरा मागच्या अंगणात गवत कापत होता, मुलगी सोफ्यावर फोन घेऊन पडली होती, बाबा जेवणाच्या टेबलाशी. कुकर झाला होता. वरणाला फोडणी देऊन मी म्हटलं, "सापडलं की जेवायला या."

हे मी ठरवून म्हटलं नाही. आपोआप आलं, त्यांच्याच आवाजात.

बाबा घाईघाईने पेन्सिल चालवायला लागले. त्यांना भूक लागली होती, दोनदा त्यांनी ओट्याकडे वळून बघितलं. तीनने झालं, सातने झालं, अकराने झालं. तेराचा भागाकार मध्येच खोडून पुन्हा केला. मग खुर्ची मागे सारून उठले आणि वही दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या लेखी कोण होते कोण जाणे. शाळेत शिक्षिकेला हाक मारतात तशी त्यांनी मला हाक मारली.

"बाई, एक उरतोय. माझं कुठेतरी चुकतंय का?"

माझेच शब्द, जसेच्या तसे. मी कधी त्यांना ते आठवून दिले नव्हते. एक तर त्यांनी ते तेव्हा वर्तमानपत्राच्या आडून ऐकून साठवून ठेवले होते, नाहीतर ह्या आकड्यापुढे बसवलेलं प्रत्येक माणूस शेवटी हेच बोलतं. कुठलं खरं ते मला कळलेलं नाही.

मला जे वाक्य हवं होतं तेच आता त्यांना माझ्याकडून हवं होतं. ते माझ्या जवळ होतं. द्यायला काही लागत नव्हतं.

"चुकतच असणार," मी म्हटलं. "पुन्हा बघा."

त्यांनी मान हलवली. निमूटपणे जाऊन बसले आणि खोडरबर शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

"आई!" सोफ्यावरून आवाज आला. मुलगी उठून बसली होती. "यू नो इट्स प्राइम."

"तू मध्ये पडू नकोस."

ती मध्ये पडली. टेबलाशी गेली, त्यांच्या हातून रबर काढून घेतला. "इट्स प्राइम, आजोबा. देअर इज नो आन्सर. यू डिडन्ट डू एनीथिंग रॉन्ग." त्यांना इंग्रजी आता समजत नसे. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग माझी मुलगी, जी मला पाणी हवं असलं तरी इंग्रजीत मागते, ती त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "तो आकडा मूळ आहे, आजोबा. तुमचं नाही चुकलं. तुमचं काहीच नाही चुकलं."

बाबांनी वहीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "माझं चुकत नव्हतं?"

"नाही."

त्यांचं तोंड हळूहळू उघडलं आणि ते हसले. आयुष्यभर त्यांना हसताना बघितलंय, दुसऱ्यावर हसताना. हे ते हसू नव्हतं. ओटीत काहीतरी टाकावं आणि कोणी तेवढ्याने हरखून जावं, तसे ते बसले होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी भीत भीत विचारलं, "बाई, मग जेवायला येऊ?"

मी ताट वाढलं. वरण थोडं बाहेर सांडलं. ते हावरटासारखे जेवले आणि मुलगी त्यांच्या शेजारी बसून राहिली, माझ्याकडे एकदाही न बघता.

नंतर ती स्वयंपाकघरात आली. मी तिला म्हटलं, "तुला माहीत नाही त्यांनी मला काय केलं होतं."

"आय नो. यू हॅव टोल्ड मी हीप्स ऑफ टाइम्स." ती दाराला टेकून उभी होती. "बट ही डझन्ट इव्हन नो हू यू आर, आई. ही थिंक्स यू आर सम मीन टीचर."

मी कुकरचं भांडं घासायला घेतलं. नवरा गवत कापून आत आला, हात धुता धुता "काय झालं?" म्हणाला, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी "काही नाही" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी वही कपाटात वर टाकली. बाबांनी न्याहारी झाल्यावर टेबलावर हात फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा. मग बिलाच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतःच एक काढायला सुरुवात केली. बोटांवर मोजत, ओठ हलवत. पुरते एकोणीस झाल्यावर थांबले आणि भाजकाच्या जागी तीन लिहिलं. कालचं सगळं पुसलं गेलं होतं. आकडा तेवढा राहिला होता.

तेव्हापासून रोज असंच होतं. मला द्यावं लागत नाही, ते स्वतःच घेतात. तीन, सात, अकरा, तेरा. मी डबा भरत असते. मुलगी शाळेचा गणवेश घालून खाली येते, बॅग दारात टाकते आणि त्यांच्या खुर्चीशी बसते. ते तिला कागद दाखवतात. "एक उरतोय. माझं कुठेतरी चुकतंय का?"

"नाही, आजोबा. तो आकडा मूळ आहे. तुमचं चुकत नव्हतं."

तिचं मराठी आता ह्या वाक्यात एकदम सफाईदार झालंय. बाबा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हरखतात, तिचा गाल धरतात, आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. ती बॅग उचलून मला "बाय" म्हणते आणि जाते.

ज्या वाक्यासाठी मी सगळं आयुष्य थांबले, ते आता माझ्या घरात रोज सकाळी बोललं जातं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असते, पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळत. अजून कोणी ते माझ्याकडे बघून म्हटलेलं नाही.